बाटलीत काय आहे, हे तिला कोण सांगणार?

भाद्रपद जवळ आला की आमच्या बुधवार पेठेत दोन वास एकदमच सुरू होतात. एक मंडईच्या बाजूनं येणारा केवड्या-शेवंतीचा. दुसरा वाड्यावाड्यांतून येणारा, नाकात झोंबणारा, फिनेल, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडरीचा. गौरी यायच्या असतात. दगडूशेठच्या दर्शनाला आलेले नातेवाईक 'सहज जाता जाता' म्हणत घरी डोकावणार असतात. मग न्हाणीघर, संडास, जिना, मोरी सगळं लख्ख हवं. दिवाळीला पुन्हा तेच. या दुसऱ्या वासाला आपण 'स्वच्छतेचा वास' म्हणतो. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणजे घर स्वच्छ झालं, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. मला आज भांडायचंय ते या समजुतीशी.

ब्लीच म्हटलं की आपल्याला आधी पार्लर आठवतं. ते चेहऱ्याचं ब्लीच निराळं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. मी बोलतेय ते मोरीतल्या ब्लीचबद्दल. ते आपल्याकडे दोन रूपांत येतं. एक पांढरी भुकटी, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टाकतो ती हीच, तिकडे तिला टीसीएल म्हणतात. दुसरं पातळ, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पांढऱ्या कपड्यांवरचे डाग काढायला आपण 'आला' वापरतो ते हेच. फरशीच्या आणि संडासाच्या काही क्लीनरमध्येही हेच असतं. दोन्हींचं काम क्लोरीनच्या जोरावर चालतं.

या वस्तूशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्यानं खाली आली. जंतू म्हणजे काय हेसुद्धा तेव्हा धड कुणाला ठाऊक नव्हतं. इतकी गुणी वस्तू आहे ही. पण गुणी आहे म्हणून गरीब आहे असं नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्या जवळच्या एका वाड्यात काय झालं, ते सांगते. जुना वाडा, मागच्या बाजूला सामाईक संडासांची रांग, पत्र्याची दारं, वर एक वीतभर झरोका. मालक आणि भाडेकरूंचं कोर्टात चालू असल्यामुळे दुरुस्ती कुणीच करत नाही. ते संडास घासायला एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या पुढे, सातवीपर्यंत शिकलेल्या, पेपर वाचणाऱ्या. त्या दिवशी एका घरातून त्यांना ब्लीचिंग पावडर दिली. त्यांनी ती भांड्यात टाकली, घासलं, पण पिवळे डाग काही जाईनात. तेवढ्यात दुसऱ्या घरातल्या वहिनींनी बिसलेरीच्या बाटलीतून काहीतरी आणून दिलं. "मावशी, हे टाका, लगेच निघेल." मावशींनी टाकलं. फसफसलं. आणि त्या उकिडव्या बसून घासत होत्या.

काय झालं असेल, हे शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही सांगता यावं. बाटलीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हिरवट-पिवळसर, गुदमरवणारा. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं शत्रूवर सोडला तो हाच. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून तो खाली साचून राहतो. आता आपल्या घासण्याची पद्धत आठवा. उकिडवं बसायचं, एक हात भिंतीला, तोंड भांड्यापासून हातभर अंतरावर, दार लोटलेलं. वायू जिथे साचतो नेमकं तिथेच आपलं नाक.

मावशींना ओढून चौकात आणलं तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ थांबवता येत नव्हती. कुणी लिंबूपाणी आणलं, कुणी कांदा फोडून हुंगायला दिला. "संस्थेतल्या ताईंना बोलवा" म्हणून मला निरोप आला. रिक्षानं दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. तासाभरात त्या बोलायला लागल्या आणि 'घरी जाते' म्हणू लागल्या. पण डॉक्टरांनी सोडलं नाही. हा वायू छातीत गेला की काही वेळा त्रास काही तासांनी वाढतो, फुप्फुसात पाणी धरतं, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. मावशी वाचल्या. पण आज दोन जिने चढल्या की थांबतात, आणि तिसऱ्या मजल्यावरची दोन कामं त्यांची गेली.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते नंतरचं बोलणं. "शिकलेल्या नाहीत ना, कळत नाही त्यांना." "निष्काळजीपणा हो, दुसरं काय!" अहो, पावडर दिली एका घरानं, अ‍ॅसिड दिलं दुसऱ्या घरानं. त्या दोघींपैकी एक बी.एस्सी. झालेली आहे. मावशींनी फक्त दिलं ते टाकलं. बिनचिठ्ठीच्या बाटलीत काय आहे, हे त्यांनी कसं ओळखायचं? चाखून?

बाटलीचाच प्रश्न आधी घेऊ. आमच्या भागात सुटं अ‍ॅसिड आणि फिनेल हातगाडीवर, सायकलवर येतं. आपण आपली बाटली पुढे करायची, त्यानं कॅनमधून भरून द्यायचं. ती बाटली असते पाण्याची, सरबताची, नाहीतर कोल्ड्रिंकची. जुलै २०१३ मध्ये अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवायचा, ओळखपत्र पाहायचं, कारण विचारायचं, अठरा वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच नाही. ते सगळं चेहऱ्यावर फेकण्याच्या भीतीनं झालं, आणि योग्यच झालं. पण माझ्या दारावर येणाऱ्या गाडीवर वही मी अजून पाहिलेली नाही. आणि आपणही विचारत नाही, कारण स्वस्त पडतं आणि डाग जातो. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांची रांग आणि ओट्याखाली तशाच दिसणाऱ्या दोन-तीन बाटल्या, असं चित्र किती घरांत आहे ते आज संध्याकाळी वाकून बघा. रांगणाऱ्या पोराची उंची आणि ओट्याखालच्या फळीची उंची एकच असते.

आठवड्यातले तीन दिवस मी पेठेतल्याच ज्या गल्ल्यांमध्ये कामाला जाते, त्यांचं नाव घेताना पुण्यातली माणसं आवाज खाली आणतात. तिथल्या खोल्या म्हणजे फळ्या ठोकून पाडलेले कप्पे. खिडकी असली तरी बंद. खाटेवर बाईचा धंदा चालू असतो आणि पुष्कळदा खाटेखाली तिचं पोर झोपलेलं असतं. त्याच खाटेखाली, भिंतीला लागून, अ‍ॅसिडची आणि ब्लीचची बाटली. दुसरीकडे जागाच नाही. तिथे पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी त्या बाईला काही बोलू शकले नाही. 'मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा' हे बाटलीवरचं वाक्य ज्या घरासाठी लिहिलंय, तसं घर तिच्याकडे नाही. शेवटी दाराच्या चौकटीवर खिळा मारून एक तारेची जाळी टांगली. झालं काम.

आणखी एक सांगायला हवं. पुरवणी सकाळच्या चहाबरोबर वाचली जाते हे माहीत असूनही लिहिते. तिथल्या काही बायका रोग टाळावा म्हणून नाजूक जागा जंतुनाशकानं धुतात. डेटॉल, साबणाची पावडर, कधी पाण्यात थोडं ब्लीच. 'आग होते म्हणजे जंतू मरतात,' असं एकीनं मला समजावून सांगितलं. नाक झोंबलं की मोरी स्वच्छ, त्यातलीच ही गत. प्रत्यक्षात आतलं नाजूक अस्तर सोलवटतं आणि रोगाला आत शिरायला वाट मिळते. आणि हे फक्त त्या गल्ल्यांत चालतं असं कुणी समजू नये. चांगल्या घरातल्या बायकाही 'स्वच्छतेसाठी' काय काय वापरतात, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. साधं पाणी पुरतं.

कोरोनाच्या काळात, २०२० साली, हायपोक्लोराइट हा शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. गाड्यांनी रस्त्यांवर फवारणी झाली, सोसायट्यांच्या दारात फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. मार्चच्या शेवटी उत्तर प्रदेशात बरेलीला, गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर ते फवारलं. बायका-पोरं होती त्यांत. डोळे चुरचुरल्याच्या तक्रारी आल्या. पुढे एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानंच सांगितलं की माणसांच्या अंगावर फवारू नका, उपयोग नाही, अपाय आहे. घरोघरी काय चाललं होतं? भाज्या ब्लीचच्या पाण्यात बुडवणं. आणि हे फक्त आपणच करत होतो असंही नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं पाचशेच्या आसपास लोकांची पाहणी केली, त्यात जवळजवळ पाचातल्या एकानं फळं-भाज्या ब्लीचनं धुतल्याचं कबूल केलं. तेव्हा 'अडाणी' हा शब्द जरा जपून वापरावा. भाजीला वाहतं पाणी आणि चोळणारा हात पुरतो.

त्या काळातली दुसरी सवय अजून गेलेली नाही. ब्लीच हाताळताना तोंडाला मास्क किंवा पदर बांधायचा आणि आपण सुरक्षित आहोत असं समजायचं. कापडातून धूळ अडेल, शिंतोडा अडेल. वायू अडत नाही. त्यासाठी दार उघडं हवं.

आता वापरायचं कसं? खरं तर एकच गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं. ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही. अ‍ॅसिड नाही. हार्पिकसारखं संडासाचं क्लीनर नाही, कारण त्यातही बहुतेक वेळा तेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. काही क्लीनर मात्र ब्लीचवाले असतात, आणि दोन्हींच्या बाटल्यांचे गळे सारखेच वाकडे. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, चिंच नाही, कारण तीही आम्लंच. (आपल्याच पुरवण्यांमधून येणाऱ्या 'घरगुती टिप्स' वाचताना मला म्हणून धडकी भरते. लिंबू छान, सोडा छान, ब्लीचही छान, पण वाचणारी तिन्ही एकाच बादलीत घालते.) स्पिरिट, सॅनिटायझर नाही. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, तेही नाही. अमोनिया आणि ब्लीच मिळून क्लोरामाइन नावाचा वायू होतो, तोही छातीला तितकाच वाईट. आणि हा अमोनिया बाटलीतूनच यावा लागतो असं नाही. साचलेल्या लघवीत तो आयताच असतो. सार्वजनिक मुतारीत किंवा तुंबलेल्या संडासात आधी पाणी न ओतता भसकन ब्लीच टाकलं की वास का मारतो, त्याचं कारण हे. म्हणून आधी भरपूर पाणी, मग ब्लीच. डाग ब्लीचनं गेला नाही तर तो त्या दिवशी राहू द्यावा. पाण्याची बादलीभर धार मारून मोकळं व्हावं, अ‍ॅसिडची पाळी दुसऱ्या दिवशी. गौरीला डाग दिसत नाहीत.

प्रमाणाचं म्हणाल तर आपण सगळ्याच ढळढळीत ओतणाऱ्या. साध्या घरगुती पातळ ब्लीचची ताकद चार-पाच टक्के असते. फरशी किंवा ओटा निर्जंतुक करायला एक लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिली पुरे, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं दोन-अडीच झाकणं. पाणी गार घ्यायचं. गरम पाण्यात ब्लीच लवकर विटतं आणि वाफ नाकात जाते. आधी साबणानं घाण काढायची, कारण घाणीवर टाकलेलं ब्लीच घाणीशीच झगडण्यात संपतं. मग दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आपण ओततो बाटलीभर आणि पुसतो लगेच! कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. पावडरही जुनी झाली, दमट झाली की निम्मी निकामी होते, म्हणून 'गेल्या वर्षी एवढी लागली होती' हा हिशेब धरायचा नाही. रबरी हातमोजे हवेतच. ते कामवाल्या बाईंना आपण घेऊन द्यायचे असतात, पगारातून कापायचे नसतात, हेही लिहावं लागतंय.

आणि काही झालंच, तर चौकातला गोतावळा जे करतो त्यातलं बहुतेक करू नये. वायू नाकात गेला असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, पायऱ्या असतील तर वरच्या बाजूला. कांदा, लिंबू काही नको. डोळ्यांत उडालं तर पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. आपल्याला दोन मिनिटंच फार वाटतात. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. जे आत जाताना भाजत गेलं ते बाहेर येताना पुन्हा भाजतं. माणूस शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावायची, दोन घोट पाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा, बाटली बरोबर घेऊन. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा फुकट फोन दिवसरात्र चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

आता माझा राग कुणावर आहे ते सांगते. जपानमध्ये १९८०च्या दशकात न्हाणीघर घासताना ब्लीच आणि अ‍ॅसिडवाला क्लीनर एकत्र होऊन गृहिणी दगावल्या. त्यानंतर तिथे अशा बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत, लांबून दिसेल असं छापायला लागले: मिसळू नका, धोका. आजही छापतात. बायकांना निष्काळजी म्हणून कुणी हात झटकले नाहीत. आपल्याकडे पाकीटबंद मालावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायद्याचं समाधान होतं. मराठीची सक्ती नाही. आणि धोक्याच्या सूचना बाटलीच्या मागच्या अंगाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मला चाळिशीचा चष्मा लागल्यापासून त्या वाचता येत नाहीत, आणि चष्मा नव्हता तेव्हा मी वाचल्या असत्या का, तेही देव जाणे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती आमच्याच पेठेतल्या भिडे वाड्यात. मावशी शिकल्या, वाचायला लागल्या, आणि त्यांच्या हातात दिली ती एक तर कोरी बाटली, नाहीतर इंग्रजी बाटली. पुढच्या अंगाला, ठळक मराठीत चार शब्द छापायला कंपन्यांना किती शाई लागणार आहे? ग्राहक म्हणून आपण हे मागायला हवं. आणि तोवर सुटं घेणं आपल्या घरापुरतं तरी बंद करायला हवं, चार पैसे जास्त गेले तरी.

वाड्यातल्या बायकांची मी बैठक घेतली तेव्हा ठरलं की बाटल्यांवर लुकोप्लास्टची पट्टी चिकटवून मार्करनं नाव लिहायचं. वाड्यात ते चाललं. पण पलीकडच्या गल्ल्यांत कुणी कर्नाटकातली, कुणी बंगालची, कुणी नेपाळची. मराठी तरी कुठे वाचतात सगळ्या? तिथल्याच एकीनं तोडगा काढला. कपाळाची टिकली काढून अ‍ॅसिडच्या बाटलीवर लावली, लाल. ब्लीचच्या बाटलीवर निळी. लाल आणि निळी एका बादलीत जायची नाही, एवढंच सगळ्यांना सांगायचं. लहान पोरांनासुद्धा ते पाठ झालं. तुळशीबागेतून आता मी मोठ्या टिकल्यांची पाकिटं डझनानं आणते, फक्त या दोन रंगांची. ओल्या हातानं टिकली निघून येते, म्हणून वरून सेलोटेप लावावी लागते.